नाव, वय, पत्ता, कारण

१

मंजूषा चौबळला कोणी विचारलं, की बाई गं, तू हेगमध्ये नक्की काम काय करतेस, तर ती सरळ सांगायची, "मेलेल्यांची हजेरी घेते." समोरचा हसायचा आणि घाईघाईनं विषय बदलायचा. पण ते अक्षरशः खरं होतं. ती ज्या संशोधन संस्थेत होती, तिच्याकडे इंग्लंडमधल्या एका गिरण्यांच्या शहरातले, एका चर्चच्या हद्दीतले, व्हिक्टोरिया राणीच्या काळातले दफनाचे कागद आले होते. इतर ठिकाणी नुसती नावं असत. इथला कारकून भलताच चौकस; माणूस कशानं गेला तेही लिहून ठेवायचा. कॉलरा, टायफस, गोवर, बाळंतपण, गिरणीच्या पट्ट्यात सापडून. ही सगळी माणसं कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि जुन्या आजारांना आजचे कोड लावायचे, असलं ते काम.

एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं कागद न बघता टाइप करायचं, अशी पद्धत होती. एकच माणूस बघायला आणि लिहायला बसला, की डोळे लबाडी करतात. न लागलेलं अक्षर आपल्या मनानं लावून मोकळे होतात. वाचायचा क्रमही ठरलेला होता. नाव, वय, पत्ता, कारण. मग श्वासभर थांबायचं, आणि पुढचा. ऑफिसात मंजूषा वाचायची आणि समोर बसून श्रीधर टाइप करायचा. पुढे मार्च आला, करोना आला, ऑफिसला कुलूप लागलं. श्रीधर ब्रेडाला आपल्या घरी, ही हेगला आपल्या घरी. मग ती वाचून रेकॉर्ड करायची आणि फाईल पाठवायची, आणि तो कानाला हेडफोन लावून टाइप करायचा.

घर भाड्याचं, जुनं, ट्रामच्या रस्त्यावरचं. खाली पुढची खोली आणि मागची खोली, मध्ये भिंतीतून सरकत बाहेर येणारी लाकडी दारांची जोडी. उजवं दार नीट सरकायचं. डावं आत कुठेतरी अडून बसलं होतं, ते बाहेर यायचंच नाही. भिंतीत नुसती दोन बोटांची काळी फट दिसायची. मंजूषाचं टेबल पुढच्या खोलीत त्या फटीपाशी, कारण वायफाय तिथेच धड चालायचं. नवरा सारंग वरच्या मजल्यावर त्याच्या आयटीच्या मीटिंगांत. आणि मागच्या खोलीत सासूबाई, कुमुदिनीबाई. त्या तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून आल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकल्या. त्या घड्याळाच्या सातला देवापाशी दिवा लावत, बाहेर ऊन रणरणत असे, आणि त्या म्हणत, "काय मेला हा देश, तिन्हीसांज व्हायलासुद्धा तयार नाही."

एकदा चहा पिताना मंजूषानं सांगितलं, "आई, आज एक बाई निघाली. मुलगा नदीत बुडाला आणि महिन्याभरात ती गेली. कारकुनानं कारण लिहिलंय, दुःख. आता ह्याला मी कोड कुठला लावू?"

"कोड कशाला हवाय?" कुमुदिनीबाई म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला दिसत असेल की."

२

दोन दिवसांनी श्रीधरचा फोन आला. कामाचं सगळं बोलून झालं आणि मग तो जरा अडखळत म्हणाला, "मंजूषा, तू वाचतेस तेव्हा शेजारी कोण बसतं गं?"

"कोणी नाही. का?"

"नाही, म्हणजे... प्रत्येक नावानंतर कोणीतरी हं म्हणतं. आपण गोष्ट सांगताना समोरचा हुंकार देतो ना, तसं. आधी मला वाटलं तुझीच सवय. पण तुझा आवाज नाहीये तो."

"सासूबाई असतील. मागेच असतात."

"असतील," श्रीधर म्हणाला. "त्यांना सांग, कान एकदम तयार आहेत तुमचे. जिथे कारणाची जागा कोरी असते ना, तिथे हं नाही म्हणत. आणि त्या दुःखानं गेलेल्या बाईला तर चांगलं लांबलचक म्हणाल्यात."

मंजूषानं हसत हसत सासूबाईंना विचारलं. कुमुदिनीबाई हसल्या नाहीत. त्या दुपारी मराठी मालिका लावून बसत, कानात इअरफोन घालून. सून ते सगळं मोठ्यानं वाचते याचा त्यांना पत्ताच नव्हता, आणि तो लागल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, भरल्या घरात रोज मोठ्यानं माणसं मारत बसतेस? वास्तू तथास्तु म्हणत असते, लहानपणी कोणी सांगितलं नाही का तुला?"

"आई, ती माणसं मरून दीडशे वर्षं झाली."

"वास्तूला काय कळतंय कधीचं आणि कुठलं ते! तिला फक्त ऐकू येतं."

वरून पाण्याची बाटली भरायला आलेल्या सारंगनं तेवढंच ऐकलं. "निदान तुझं कोणीतरी ऐकतंय," तो बायकोला म्हणाला. "माझ्या मीटिंगमध्ये तर सगळे म्यूटवर."

३

त्याच दिवशी मंजूषानं जुन्या फाईली लावून पाहिल्या. तिचा स्वतःचा आवाज, सपाट, कामाला जुंपलेला. मेरी ॲन हॉल्ट, वय चार, बटन लेन, स्कार्लेट फीवर. मग श्वासभर शांतता. आणि त्या शांततेत, अगदी जवळून, हं.

तो आवाज भयानक असता तर बरं झालं असतं. तसं त्यात काहीच नव्हतं. बाईचा म्हणावा की पुरुषाचा तेही कळत नव्हतं. म्हातारा, समजूतदार, जरासा थकलेला. ऐकतोय, सांग पुढे, एवढंच. मंजूषाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण इतके दिवस इतक्या जवळ बसून वाचत होतो आणि आपल्याला एकदाही ऐकू आलं नाही, हे तिला जास्त लागलं.

ती शिकलेली बाई होती. तिनं हीटिंग बंद करून वाचलं आणि रेकॉर्डिंग ऐकलं, पाईपचा आवाज असेल म्हणून. हं आलं. शेजारची म्हातारी तिच्या लेकीकडे राहायला गेली होती, पलीकडचं घर रिकामं; तरी भिंतीला कान लावून झाला. मोबाईल बदलला. मग तिनं किराण्याची यादी वाचली: काही नाही. नुसतेच आजार वाचले: काही नाही. मनानं एक माणूस रचला, जॉन अमुक, वय पन्नास, अमुक गल्ली, हृदयविकार. काही नाही. आणि लगेच कागदावरची खरी नोंद वाचली, तेव्हा आलं.

भिंतीतल्या त्या फटीत तिनं टॉर्च मारला. आत दाराची कड, कोळिष्टकं, शंभर वर्षांची धूळ. आडवी बशीसुद्धा आत गेली नसती, तिथे मावणार कोण?

खोट्याला हं नाही, हे तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण तेव्हा तिला त्याचा अर्थ लागला नाही. तिच्या डोक्यात सासूबाईंचा तथास्तु जाऊन बसला होता, आणि असली गोष्ट एकदा डोक्यात बसली की ती हलत नाही. कितीही डिग्र्या असू द्यात. तिनं श्रीधरला कळवलं, घसा बसलाय, काही दिवस वाचणार नाही. आणि घरात कोणाचं नाव, वय, दुखणं एका दमात उच्चारायचं नाही, असा कानाला खडा लावला.

४

एप्रिल लागला आणि काय ऊन पडलं म्हणून सांगू! पडदे नसलेल्या मोठमोठ्या खिडक्या, समोरच्या अंगणांत ट्यूलिप, रस्त्यानं रिकाम्या ट्राम झळाळत जायच्या. अशा त्या उजेडात सारंगला ताप आला.

तो आपणहून माळ्यावरच्या खोलीत जाऊन राहिला. आईला लागू नये, बायकोला लागू नये. मंजूषा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ताट ठेवायची आणि खाली येऊन हाक मारायची. आधी तो विनोद करायचा, "हॉटेलला तीन तारे देतो, वरणात मीठ कमी." मग नुसतं "ठेव" म्हणायला लागला. मग एके दिवशी संध्याकाळी ताट तसंच राहिलं. ती वर गेली. सारंग उशीला टेकून बसला होता आणि दोन शब्दांच्या मध्ये दम खात होता.

"डॉक्टरला... फोन कर," तो म्हणाला.

खाली येऊन तिनं फोन हातात घेतला. आता पलीकडची बाई विचारणार. पेशंटचं नाव? जन्मतारीख? पत्ता? काय होतंय? तोच क्रम. वर्षभर वाचत आलेला तोच क्रम. हे सगळं ह्या घरात आपण मोठ्यानं म्हणायचं, आणि म्हणून झाल्यावर श्वासभर थांबायचं?

वेडेपणा आहे हा, तिनं स्वतःला बजावलं. तरी बोट नंबरावर जाईना. घराबाहेर जाऊन रस्त्यावर उभं राहून बोलावं, एवढी साधी गोष्ट तिला सुचली नाही. भीतीनं माणूस असा बथ्थड होतो. ती पुन्हा वर गेली. सारंगचा डोळा लागला होता. झोपलाय, म्हणजे आराम पडतोय. उठवून कशाला त्रास द्यायचा? सकाळी बघू.

सकाळी बघू. हे दोन शब्द पुढे तिला आयुष्यभर पुरणार होते.

५

सकाळी सारंगचे ओठ निळसर दिसले आणि सगळं भान सुटून मंजूषा अनवाणी रस्त्यावर धावली. ट्रामच्या थांब्यावर उभं राहून तिनं फोन केला, सगळं ओरडून सांगितलं. आजूबाजूला कोणी हं म्हणालं नाही. समोरून एक सायकलवाला तिच्याकडे बघत गेला. वाचलो, तिला वाटलं. बाहेर बोलले, वाचलो.

ॲम्ब्युलन्सचे दोघे आले, नखशिखांत झाकलेले. अरुंद, उभ्या जिन्यावरून त्यांनी सारंगला खुर्चीला बांधून खाली आणलं आणि ऑक्सिजन नीट लावायला पुढच्या खोलीत टेकवलं. टेबलापाशी. त्यातल्या एकानं टॅबलेट काढला आणि खात्री करून घेण्यासाठी तो डच भाषेत खणखणीत वाचू लागला. सारंग चौबळ, वय त्रेचाळीस, मग रस्त्याचं नाव, घराचा नंबर. मंजूषाला कळेपर्यंत तो शेवटाला आला होता. "नको, प्लीज, इथे नको," ती मराठीतच ओरडली. तो चमकला, पण त्यानं वाचून पूर्ण केलं: करोनाचा संशय, श्वासाचा तीव्र त्रास.

मग त्यानं तिच्या होकारासाठी श्वासभर वाट पाहिली.

हं.

"पार्डन, मेव्राउ?" काय म्हणालात बाई, असं त्यानं मान वर करून मंजूषाला विचारलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. त्यानं एकदा डाव्या भिंतीकडे पाहिलं, एकदा आपल्या जोडीदाराकडे पाहिलं, आणि मग कामाला लागला. मागच्या खोलीच्या दारात कुमुदिनीबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभ्या होत्या. या वेळी फाईल लावावी लागली नव्हती; त्यांनीही ऐकलं होतं.

"येतो म्हण रे," त्या लांबूनच मुलाला म्हणाल्या. "जाताना येतो म्हणावं, सारंग."

मास्कमधून काही बोलता येत नव्हतं. त्यानं अंगठा वर केला.

६

हॉस्पिटलमध्ये भेटायला बंदी. दिवसातून एकदा नर्सचा फोन यायचा: आहे तसाच आहे, झोपवून ठेवलाय, मशीनवर आहे. बाकीचा सगळा वेळ त्या दोघी आणि ते घर. मंजूषानं टेबल ओढून खिडकीशी नेलं. त्या फटीवर चादर अडकवली. चादर एकदा खाली पडली, मग तिनं ती पुन्हा लावली नाही.

एकदा दिव्याच्या वेळेला ती जिन्यावर बसली होती, आणि खालून सासूबाईंचा आवाज आला. त्या देवाशी बोलताहेत असं तिला वाटलं. डोकावून बघते तर कुमुदिनीबाई फटीसमोर स्टुलावर बसलेल्या, हात जोडलेले.

"कुमुदिनी रवींद्र चौबळ," त्या म्हणत होत्या. "वय एकाहत्तर. पत्ता हाच. त्याचं नाव खोड आणि माझं घे. खूप झालं माझं जगून."

ऊन थेट त्या भिंतीवर पडलं होतं. काहीही आवाज नाही.

"आई, उठा," मंजूषा म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

"थांब. तुला माहीत असेल. कारण काय सांगायचं असतं?" आणि उत्तराची वाट न बघता त्याच बोलू लागल्या. "रक्तदाब. रक्तदाब लिही. नाही? हृदय लिही. गुडघे आहेत... गुडघ्यानं कोणी मरतं का गं?"

त्या प्रत्येक वेळी थांबत होत्या, मान तिरकी करून ऐकत होत्या. फट गप्प होती. शेवटी कुमुदिनीबाईंनी हात खाली सोडले.

"खोटं चालत नाही त्याला," त्या म्हणाल्या.

मंजूषा जागच्या जागी थिजली. जॉन अमुक, वय पन्नास. खोट्याला हं नाही. हे तर तिला आधीच कळलं होतं. ते जे काही होतं, ते काही घडवत नव्हतं. कोणाचं वाईट करत नव्हतं, तथास्तुही म्हणत नव्हतं. खरं असेल त्याला फक्त हं म्हणत होतं. त्या संध्याकाळी तिनं ह्याच खोलीत उभं राहून डॉक्टरला दहा वेळा फोन केला असता, तरी त्यानं काय बिघडलं असतं?

७

फोन सकाळी आला. डॉक्टर बाई होती, तरुण असावी. एकेक शब्द जपून बोलत होती. मंजूषानं स्पीकर लावला, सासूबाईंनाही ऐकू यावं म्हणून. सारंग चौबळ, पहाटे, करोनाचा न्यूमोनिया. त्याला त्रास झाला नाही. नर्स शेजारी होती.

मंजूषाची नजर फटीकडे गेली. श्वासभर शांतता गेली, मग दुसरा श्वास, तिसरा. काही नाही. त्याची नोंद आधीच झाली होती.

"एक विचारू?" ती फोनवर म्हणाली. "त्याला एक रात्र आधी आणलं असतं तर?"

डॉक्टर गप्प राहिली. मग म्हणाली, असं नक्की सांगता येत नाही, आणि असा विचार करून तुम्ही स्वतःला छळू नका. पण ती आधी गप्प राहिली होती, आणि मंजूषानं ते ऐकलं होतं.

ते "एक रात्र आधी" म्हणजे काय, हे कुमुदिनीबाईंना कळलं की नाही, कोण जाणे. त्या रडल्या नाहीत. उठून त्यांनी गॅसवरचं दूध उतरवलं.

८

स्मशानात मोजकी माणसं, लांब लांब खुर्च्या. ब्रेडाहून श्रीधर आला होता. त्यानं जवळ यावं की नाही ते त्याला कळेना, मग दुरूनच हात जोडून उभा राहिला. घरी परतल्यावर मंजूषानं माळ्यावरच्या खोलीची खिडकी उघडली. सारंगची पाण्याची बाटली अर्धी भरलेली होती. ती घेऊन बराच वेळ ती पलंगावर बसून राहिली. विमानं सुरू झाली की आईंना पुण्याला नेऊन सोडायचं, आपणही तिथेच राहायचं, हे घर सोडायचं; असं काहीबाही ती मनाशी जुळवत होती. आता निदान आई तरी आहेत. त्यांना सांभाळायचं.

खाली घड्याळात सात वाजले. दिव्याच्या काड्यापेटीचा आवाज आला. मग स्टूल सरकवल्याचा.

मंजूषाच्या हातून बाटली पडली. ती दोन दोन पायऱ्या उतरत खाली धावली. "आई, नका! आई, काही बोलू नका!"

पुढची खोली उन्हानं भरली होती. कुमुदिनीबाई फटीसमोर बसल्या होत्या. ह्या वेळी हात जोडलेले नव्हते, मांडीवर ठेवलेले होते. बँकेत फॉर्म भरून देताना बोलावं तितक्या सरळपणे त्या बोलत होत्या.

"कुमुदिनी रवींद्र चौबळ. वय एकाहत्तर. पत्ता हाच."

"आई!"

"कारण," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "मुलगा गेला."

मंजूषा दारातच होती, आणि तिथून तिला फट तिरकी दिसत होती. आत बसल्या माणसाच्या उंचीवर काहीतरी फिकट होतं. आधी तिला ती दाराची कड वाटली. मग तिला पाळ दिसली, लांब, लोंबलेली, म्हाताऱ्या माणसाची असते तशी. एक कान. चेहरा नाही, केस नाहीत. दोन लाकडांच्या मध्ये, जिथे बशी मावत नव्हती तिथे, सासूबाईंच्या तोंडाशी अगदी जवळ आणलेला एक कान.

हं.

लांबलचक. समजूतदार. जरासं थकलेलं.

मंजूषानं झडप घालून सासूबाईंना मिठी मारली, ओढून मागे आणलं, त्यांच्या तोंडावर हात ठेवला, जणू शब्द अजून परत आत ढकलता आले असते. फटीत धूळ होती आणि कोळिष्टकं. कुमुदिनीबाईंनी तिचा हात हळूच बाजूला केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर थोडा निवांतपणा आला होता.

"ऐकलं गं बाई," त्या म्हणाल्या. "या खेपेला ऐकलं त्यानं."

मग त्यांनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, दिव्यात तेल कमी आहे, उद्यापासून तूच लावत जा.